जावयाचा मुक्काम गोठ्यात

जावई फाटकापाशी येऊन थांबला आणि आत पाऊल टाकेना, तेव्हाच टिकारामच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आभाळ भरून आलेलं, उन्हाचा पत्ता नाही आणि भोजराजच्या डोळ्यांवर काळा चष्मा. हातात गाठोडं, खांद्याला पिशवी, गुडघ्यापर्यंत चिखल.

साल होतं एकाहत्तरचं, श्रावण सरत आला होता. भाताची रोवणी आटोपून टिकारामचा गाव चिचटोला जरा टेकला होता. टेकला म्हणजे बसलाच होता, कारण बस करडीपर्यंतच यायची आणि तिथून दोन कोस चिखल तुडवत, एकच नाला तीनदा ओलांडत गावात यावं लागायचं. एवढी यातायात करून भोजराज आला होता तो लेक बघायला. टिकारामची मुलगी चंद्रकांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, सव्वा महिन्यापूर्वी तिला मुलगी झालेली. टिकारामच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, सकाळपासून जावयासाठी सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळायला घेतल्या होत्या.

"या जी जवाईबापू, पाय धुवा," म्हणत ती पाण्याचा गडवा घेऊन पुढे झाली.

"तिथंच ठेवा मामी. जवळ येऊ नोका," भोजराज दोन पावलं मागे सरकला. "मामाजी, तुमसरात डोळ्याची साथ आली आहे. घरोघरी डोळे लाल. मी दवाखान्यात रोज शंभर जनाच्या डोळ्यात दवाई टाकून राहिलो. मले काही झालं नाई, पन होनार नाई कशावरून? चार दिवस मी गोठ्यात राहतो. डोळे चांगले राहिले तं मंग घरात येईन."

"कोनती साथ म्हनता?"

"लोकं जय बांगला म्हनतात तिले."

टिकारामनं मान हलवली, पण आतून तो पेटला. पाटलाच्या रेडिओवर जय बांगला त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ती तिकडे पूर्व बंगालातल्या लढाईतली घोषणा. तिचा डोळ्यांशी काय संबंध? पोट्टा कंपाउंडर आहे, म्हणून बहाणाही रोगाचाच काढतो, असं त्याला वाटलं.

तसा टिकाराम मुळातच संशयी. बाजारात भाव सांगणारा माणूस खरं बोलतो, हे त्याने जन्मात मानलं नव्हतं. म्हशीनं एका वेळी दूध कमी दिलं, तर तो म्हशीकडे न पाहता आधी शेजारच्या कवडूकडे पाही. पण आजचा संशय निराळा होता. तो घरातल्याच माणसाचा होता.

त्यातच सत्यभामाबाईनं घोळ घातला. नात दुपट्यात गुंडाळून ती कौतुकानं बाहेर आली. "पाहा तं, तुमचंच नाक घेतलं पोरीनं," म्हणत सरळ जावयाकडे निघाली. भोजराजनं तोंड फिरवलं. ती एक पाऊल पुढे, हा एक पाऊल मागे, असं करत करत भोजराज शेणखताच्या खड्ड्यात कमरेइतका गेला. पण गेला तो तोंड फिरवूनच गेला.

टिकारामनं ते पाहिलं आणि काय ते ओळखलं. मुलगी झाली म्हणून जावई रुसला. पोरीचं तोंडसुद्धा पाहत नाही. उद्या आपल्या पोरीला नांदवायचा नाही.

"बाबा, ते खरं सांगून राहिले," चंद्रकांता म्हणाली. "मागच्या चिठ्ठीत लिवलं होतं, साथ आहे म्हनून."

"हाव, लिवलं असन," टिकाराम म्हणाला. पोरगी भोळी, दुसरं काय. आणि चिठ्ठी आधीच लिहून ठेवली, म्हणजे जावयाचं सगळं ठरलेलंच होतं.

संध्याकाळी भोजराजनं गोठ्यातूनच गाठोडं सोडलं. लेकीसाठी नवे झबले आणले होते. "मामी, हे हातानं धरू नोका. काडीनं उचला आन पहिले उकळत्या पान्यात टाका." झबले उकळले. लाल झबल्यानं बाकीच्या चारांना आपला रंग दिला. नवे कपडे कोणी उकळतं का, या प्रश्नावर टिकाराम रात्रीचं जेवण विसरला. सकाळी उठला तो कवडूकडे गेला.

चार मुली उजवल्यामुळे जावई या विषयात कवडूचा शब्द गावात शेवटचा होता. त्याचा एक जावई सायकलसाठी रुसला होता, एक घड्याळासाठी, एक लग्नात वरण पातळ झालं म्हणून. चौथा कशासाठी रुसला हे अजून कोणालाच कळलं नव्हतं, खुद्द त्यालाही नाही.

"घरात येत नाई?" कवडूनं विचारलं.

"नाई."

"जेवते?"

"आपलं ताट आपुनच धुते. कोनाले हात लावू देत नाई."

"डोळ्याले डोळा देते?"

"काळा चष्मा घालून बसते गा दिवसभर."

"मंग रुसला," कवडूनं निकाल दिला. "मी रुसलो नाई, असं म्हनते का?"

"धा वेळा म्हनते."

"तं लईच रुसला. जो रुसत नाई तो असं कायले म्हनन? आता कायले रुसला, हे इचारायचं नाई. इचारलं का मान जाते. वस्तू समोर ठेवायची. हात लावला तं समजायचं, पटलं."

टिकारामनं त्याच दिवशी एक धष्टपुष्ट बोकड नेऊन गोठ्यात भोजराजच्या बाजेला बांधला. भोजराज बिचारा दूर सरकला. "मामाजी, याले इथून न्या जी. मले कशालेच हात लावायचा नाई."

"हात लावत नाई," टिकारामनं कवडूला सांगितलं.

"बोकड लहान पडला."

तिसऱ्या दिवशी टिकारामनं काळजावर दगड ठेवून पांढरा गोऱ्हा आणून बांधला. पोळ्याला मिरवण्यासाठी वर्षभर हातानं चारलेला. भोजराज उठून गोठ्याच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि तिथून ओरडून म्हणाला, "मामाजी, का करून राहिले तुम्ही? मले काही नाई पाहिजे. पोरगी दूध पिते न बरोबर? रातीले रडली होती, का झालं होतं तिले?"

पोरीला पाहायचं नाही आणि चौकशी मात्र रोज दहा वेळा. हे तर टिकारामला सगळ्यात खोटं वाटलं. जावई गोऱ्ह्यालाही बधत नाही, याचा अर्थ एकच. तिकडे तुमसरात दुसरीच काही भानगड असणार. चंद्रकांता पाच महिने माहेरी, आणि तरणा गडी एकटा. टिकारामला रात्रभर झोप लागली नाही. चौथ्या दिवशी उजाडताच खताच्या चौकशीला जातो असं सांगून त्यानं करडीचा रस्ता धरला.

तुमसरात उतरला तर सगळं गावच त्याला कटात सामील दिसलं. अर्ध्यांच्या डोळ्यांवर काळे चष्मे, अर्ध्यांच्या डोळ्यांवर रुमाल. पानठेल्यावर त्यानं भोजराजचं घर विचारलं, तर पानवाल्यानं खाली मान घालून नुसतं बोट दाखवलं. भोजराजचं नाव काढलं की कोणी नजरेला नजर देत नाही, याची टिकारामनं मनात नोंद केली.

भोजराज ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचा त्या शकुंतलाबाईनं दार बोटभर उघडलं. आतून एक लाल डोळा दिसला.

"कोन पाहिजे जी?"

"मी भोजराजचा सासरा. म्हटलं, जवाई कसे राहतात, कोन येते जाते, पाहून घ्यावं."

"अवो माय, पोरीचे आजोबा!" दार आणखी बोटभर उघडलं. "बसा तिथंच ओट्यावर, आत येऊ नोका. तुमच्या जवायाचं का सांगू? पोरगी झाल्याची चिठ्ठी आली त्या दिवशी सायकल घेऊन अख्ख्या मोहल्ल्यात जिलेबी वाटत फिरले. आमचे हे म्हनाले, पोरीची जिलेबी कोनी वाटते का? तं म्हनाले, मी वाटतो. रोज रातीले कागदावर पोरीचे नावं लिवून काढतात. जायच्या आधी चार दिवसांपासून सारखे हात धुऊन राहिले, पोरीले काही होऊ नये म्हनून."

टिकाराम ओट्यावर बसला तो बसलाच. तीन दिवस छातीवर ठेवलेलं ओझं उतरलं आणि त्या कोरड्या माणसाचे डोळे भरून आले. आपल्यासारखा करंटा सासरा दुसरा नाही, असं त्याला मनापासून वाटलं. समोर दोरीवर शकुंतलाबाईच्या नवऱ्याचा दुपट्टा वाळत होता. त्यानं तो ओढला आणि डोळे पोटभर पुसले.

"त्याले हात नोका लावू जी," शकुंतलाबाई आतून म्हणाली. पण तोवर पुसून झाले होते.

पाचव्या दिवशी भोजराजचे चार दिवस भरले. डोळे स्वच्छ. त्यानं कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ केली, चष्मा काढला आणि घरात येऊन लेकीला जी मांडीवर घेतली ती संध्याकाळपर्यंत सोडली नाही. टिकाराम दुरून पाहत राहिला. त्या दिवशी त्यानं नातीला स्वतः हात लावला नाही, बापालाच मनसोक्त घेऊ दिलं. परवा नाव ठेवायचं असं ठरलं आणि गावाला सांगावा गेला.

सहाव्या दिवशी टिकाराम उठला तर त्याला पापण्याच उघडेनात.

"मामाजी," भोजराज चार हात लांबूनच म्हणाला, "तुम्ही खताले गेले होते का तुमसरात?"

भोजराजचा काळा चष्मा नाकावर चढवून टिकाराम गोठ्यात जाऊन बसला. बाजूला बोकड, पलीकडे गोऱ्हा.

सातव्या दिवशी अंगणात बायका जमल्या. पाळणा सजला. सगळे आले, पण आजोबा कुठे दिसेनात. सत्यभामाबाई गोठ्यापासून दहा पावलांवर येऊन उभी राहिली.

"अजी, बायका कुजबुजून राहिल्या."

"का म्हनतात?"

"म्हनतात, नात झाली म्हनून आजा रुसला. बाप तं मानला, आता हा अडून बसला."

"मंग सांग न त्यायले, डोळे आले म्हनून."

"सांगतलं. म्हनतात, मागच्या हप्त्यात जवायानंबी हेच सांगतलं होतं."

टिकारामच्या मस्तकात तिडीक गेली. नातीच्या नावाच्या दिवशी आपल्यावर हा आळ? तो तडक उठला. भोजराज "मामाजी, येऊ नोका," म्हणत हात हलवत राहिला, पण हा अंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि त्यानं चष्मा काढून आपले डोळे गावाला दाखवले. लालभडक, सुजलेले, घळाघळा पाणी वाहणारे.

"पाहा," तो म्हणाला. "आता तं पटलं?"

एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. भोजराजनं पाळण्यातल्या लेकीला उचललं, चंद्रकांतेला घेऊन घरात शिरला आणि आतून कडी लावली. कवडूला मात्र गहिवरून आलं. तो पुढे झाला, त्यानं टिकारामला पोटाशी धरलं आणि आपल्या दुपट्ट्यानं त्याचे डोळे पुसले.

"असं जिवाले लावून घेऊ नोको गा," कवडू म्हणाला. "रडून रडून का हाल करून घेतले डोळ्याचे. एक पोरगी झाली तं झाली. पुढच्या खेपेले पोरगाच होईन, पाहाय तू."

मग त्याच दुपट्ट्यानं त्यानं स्वतःचेही डोळे टिपले. बाकीच्या मंडळींनीही एकेक करून टिकारामच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचे अश्रू पुसले, आपले पुसले. टिकाराम "अगा, डोळे आले, डोळे," म्हणत राहिला आणि लोक समजूतदारपणे माना हलवत राहिले.

भोजराजनं रजा आठ दिवस वाढवून घेतली. त्या बारशानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी टिकारामच्या फाटकापाशी रांग लागली. भोजराज खाली बसून एकेकाच्या डोळ्यात बोरिकचं पाणी टाकत होता. टिकारामचे डोळे निवळले होते, तो फाटकाजवळ उभा राहून रांग लावत होता. रांगेत पहिला होता कवडू. डोळे टोमॅटोसारखे, दोन्ही गालांवर पाणी.

टिकारामनं त्याला चांगलं निरखून पाहिलं.

"काय गा कवडू," त्यानं हळूच विचारलं, "तुयाकडं कोनाले पोरगी झाली?"

कवडू भोजराजसमोर बसला आणि त्यानं मान वर केली.