थोरलीचे तीन तास दहा मिनिटे

समुद्रावर माणसाला कोणाचाही हुकूम पाळावा लागत नाही, ही गोष्ट सर्वमान्य आहे. म्हणूनच नोंदणी कार्यालयात चौतीस वर्षे इतरांच्या सह्यांवर शिक्के मारून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आठ मीटर लांबीची बोट घेतली आणि त्याच दिवसापासून ते स्वतःला कप्तान म्हणवून घेऊ लागले. कार्यालयात टेबलासमोरच्या भिंतीवर एका दीपगृहाचे चित्र होते. ते दीपगृह किनाऱ्याकिनाऱ्याने सहा तासांवर आहे, हे कळल्यापासून एकदा तिथे बोट लावायची, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती.

बोटीवरील मनुष्यबळ पुढीलप्रमाणे: कप्तान, त्यांची पत्नी, थोरली (वय अकरा, स्वभाव करारी) आणि धाकटा (वय दोन, स्वभाव अद्याप निश्चित नाही). शेवटची दोन कुत्री आहेत. लाइफ जॅकेट आधी त्यांची आली, कप्तानांचे मागाहून.

मोहिमेचे नियोजन शास्त्रशुद्ध होते. भरती-ओहोटी, वारा, डिझेल, सगळे तपासले गेले. त्यातून असे निष्पन्न झाले, की थोरली तीन तास दहा मिनिटे कळ काढू शकते. त्यानंतर तिला जमीन लागते (गवताळ, झुडूप असल्यास उत्तम). आता शेवटची वाळूची पट्टी घरापासून एका तासावर, आणि तिथून दीपगृहापर्यंत पाच तास नुसते उभे कडे. म्हणजे एक तास पन्नास मिनिटांचा तुटवडा. धाकट्याचे काही नव्हते, तो थोरलीच्या मागे.

तुटवडा भरून काढण्यासाठी डेकवर कृत्रिम गवताची चटई अंथरण्यात आली. सोबतच्या पुस्तिकेत स्पष्ट म्हटले होते, ‘कुत्रा अनुकरणाने शिकतो. कुटुंबप्रमुखाने प्रात्यक्षिक द्यावे.’

पट्टी सोडून दीड तास झाला, तरी थोरली चटईकडे बघेना.

“अहो, करून दाखवा की,” पत्नी म्हणाली.

“मी कप्तान आहे!”

“मग तर तुमचं जास्तच ऐकतील.”

कप्तान चार पायांवर आले आणि त्यांनी उजवा पाय उचलला (विजार यथास्थित होती). नेमकी त्याच वेळी गस्तीची बोट शेजारून गेली.

“काही मदत हवीय का?” कर्ण्यातून आवाज आला.

“नको, शिकवणी चाललीय!” पत्नी ओरडली.

गस्तीवाल्यांनी सलाम ठोकला आणि वेग वाढवला. थोरलीने सबंध प्रात्यक्षिक शांतपणे पाहिले. धाकटा चटईवर जाऊन झोपला.

दुर्बिणीतून तोवर एक पांढरा ठिपका दिसू लागला होता. “अगं, ते बघ, दिसतंय!” कप्तानांनी दुर्बीण पत्नीच्या हातात दिली. “साडेतीनच तास राहिले.” थोरली उठली, घराकडे तोंड करून बसली आणि एकदाच भुंकली. कप्तानांनी सुकाणू फिरवले. त्या वेळी त्यांना रडू कोसळले, हे नमूद करणे भाग आहे. नोंदवहीत मात्र त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिले, ‘हवामान प्रतिकूल असल्याने मोहीम स्थगित.’ (आकाश निरभ्र. वारा नावालाच.)

तीन वर्षांत एकूण सफरी एकेचाळीस, प्रतिकूल हवामान एकेचाळीस वेळा. ‘सागरावरील स्वातंत्र्य’ या विषयावर कप्तानांची आता व्याख्याने होतात. ती श्रोत्यांना फार आवडतात आणि तीन तासांच्या आत संपतात.

वाचकांना हसू येत असेल, तर खुशाल हसावे. मग आपल्या न झालेल्या प्रवासाची नोंद काढून कारणाचा रकाना वाचावा. घरात कुत्रे नाही, ही सबब चालणार नाही. त्या दिवशी लख्ख ऊन पडले होते, आणि घराकडे तोंड करून कोण बसले होते, हे तुम्ही आजवर कोणालाच सांगितलेले नाही.