मनकर्णाबाईची मांडणी

मनकर्णाबाईला जाऊन काही महिने झाले, तेव्हा तिची लेक योगिनी मेडशीला आली ती वडिलांना पुण्याला न्यायचं ठरवूनच.

"बाबा, सैपाकघरात तुमाले मीठ सापडत नाई. एकटे कसे राहसान?"

जगदेवला गाव सोडायचं नव्हतं. "उद्या पाह्य सैपाकघर कसं लावतो ते. नाई जमलं तं चालतो तुह्यासंगं."

सकाळीच तो वाशीमहून एकसारख्या पारदर्शक बरण्या घेऊन आला. मांडणीवर बिस्किटांचे, तुपाचे जुने डबे दाटीने बसले होते. एकावरही नाव नव्हतं. कशात काय आहे ते मनकर्णाबाईलाच माहीत. जगदेवने सगळे डबे ओतले, सारखं दिसलं ते एकत्र केलं, बरण्या भरल्या आणि रिकामे डबे गोठ्यात टाकले. संध्याकाळी मांडणी दुकानासारखी दिसायला लागली. योगिनीला मीठ पहिल्याच नजरेत सापडलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या नजमुन्निसाबी आल्या आणि सरळ मांडणीपाशी गेल्या.

"भाईसाब, तुपाच्या डब्यात माही खडीसाखर होती. कुठी गेली?"

"तुमची? आमच्या घरात?"

"घरी ठेवली तं पोट्टे एका दिवसात फस्त करतात. भाभीपाशी ठेवत होती."

जगदेवने बरणी पुढे केली. नजमुन्निसाबींनी एक खडा तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा लिंबू चावल्यासारखा आवळला.

"ह्याच्यात तुरटी हाये, भाईसाब."

तुरटी जगदेवचीच, दाढीची. दोन्ही खडे दिसायला एकच. चाखल्याशिवाय ओळखायचे कसे? दोघं खाली बसून एकेक खडा जिभेला लावून वेगळा करू लागले. तेवढ्यात समोरच्या गोमतीबाई आल्या.

"जगदेवभाऊ, माहा गूळ द्या बरं. मालकाले शुगर हाये. घरी ठेवला का चोरून खातात."

जगदेवची जीभ आखडली होती. त्याने नुसतं बोट दाखवलं. इकडे पराठ्यांसाठी योगिनीने सुक्या मेथीची बरणी उघडली आणि तिला लागोपाठ शिंका आल्या.

"बाबा, ही मेथी हाये का तंबाखू?"

गोमतीबाईंनी वास घेतला. "आमच्या मालकाची हाये. सोडली म्हनत होते."

नेमके त्याच वेळी त्यांचे मालक सेवालाल दारात उभे राहिले. बायकोला पाहून म्हणाले, "मी जगदेवले भेटाले आलतो."

"भेटा ना. तंबाखूबी भेटते."

"आन् तुह्या हातात गूळ कायचा?"

गोमतीबाईंनी गूळ पदराखाली घेतला.

दुपारपर्यंत गल्लीतल्या आणखी चारदोन जणी आपापलं काहीबाही घेऊन गेल्या. बरण्यांमध्ये जगदेवचे म्हणून तांदूळ, डाळ आणि तळाशी थोडी चहापत्ती उरली. मेथी फेकावी लागली. तो मांडणीकडे बघत बसला. मग म्हणाला, "भर माही बॅग. हे मले जमत नाई."

योगिनी काही बोलायच्या आत नजमुन्निसाबी परत आल्या. गोठ्यातले डबे त्यांनी घासून आणले होते. वर खिचडीचं पातेलं झाकलेलं होतं.

"खडीसाखर इथंच राहू द्या. घरी कुठी लपवू? आन् जेवून घ्या पह्यले."

पाठोपाठ गोमतीबाई तंबाखूची नवी पुडी घेऊन आल्या. "तंबाखू तुमच्याच जवळ ठेवा, भाऊ. चिमूटभरच द्यायची. मागितली जास्त, तं मले सांगा." गुळाचं त्यांनी काही सांगितलं नाही, पण ढेप पदराखालून हळूच मांडणीवर गेली.

रात्री खिचडी खाताना जगदेव म्हणाला, "मले वाटे, तुह्या आईले आवराले सुचत नाई." मग हात धुऊन त्याने जुने डबे परत मांडणीवर लावले.

सकाळी एसटीची वेळ झाली. योगिनीने एकच बॅग भरली होती, स्वतःची. जगदेवने ते पाहिलं आणि तिची बॅग उचलली. दारातून ती माघारी वळली, पर्समधून चिक्कीचा पुडा काढला आणि त्याच्या हातात दिला.

"हे राहू द्या इथं. पवननं मले डाएटवर ठेवलं. महिन्या-महिन्याले येऊन खात जाईन. त्याले सांगू नका."

जगदेवने जावयाची बाजू घेतली नाही, लेकीचीही नाही. एक रिकामा डबा उघडला, पुडा आत ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.