सात पॅन आणि सहा खुंट्या

मी घाबरट नाही, सावध आहे. हा फरक माझ्या नवऱ्याला चार वर्षांत समजलेला नाही. तुम्हाला समजेल, म्हणून सांगते.

आमच्याकडे सात नॉनस्टिक पॅन आहेत. ते एकात एक घालून ओट्याखालच्या कपाटात ठेवले, की वरच्याचं बूड खालच्याच्या पोटाला घासतं. एका दुपारी मला मधल्या पॅनमध्ये नखाएवढा ओरखडा दिसला. काळा थर तिथून निघालेला. निघाला तो गेला कुठे? जेवणात. आणि जेवण गेलं कुठे? माझ्या दीड वर्षाच्या चिमणीच्या पोटात. त्या दिवसापासून मला ताटातला मिरीचा दाणासुद्धा संशयित वाटायला लागला.

"मधे जुनं फडकं घाल," सासूबाई म्हणाल्या.

"फडक्यात ओल राहते, आई. मग बुरशी धरते."

"मग कागद घाल."

"कागदाला शाई असते."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मटार सोलायला घेतले.

मी ठरवलं, लाकडाचं काहीतरी करायचं. दोन पट्ट्या, दोन्हींच्या मध्यावर अर्ध्या जाडीची खाच, एकीत दुसरी बसवली की झालं अधिकचं चिन्ह. प्रत्येक दोन पॅनच्या मधे एक अधिक. म्हणजे सात पॅनना सहा. खिळा नको, कारण खिळा ओरखडा काढणार. डिंक नको, कारण त्यात काय असतं ते डब्यावर लिहिलेलं नव्हतं. म्हणून मधोमध भोक आणि त्यात लाकडी खुंटी. जुन्या लाकडी डावाच्या दांड्याचे तुकडे करून, काचपेपरने घासून मी करंगळीच्या पेराएवढ्या सहा खुंट्या केल्या. संध्याकाळी दोनदा मोजल्या. सहाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा नेहमीसारखा चिमणीला कडेवर घेऊन घरभर एक फेरी मारून ऑफिसला गेला. ती त्याची बाही चावत असते, हे दोघांचं रोजचं आहे. मी तिला सासूबाईंकडे सोपवून कोपऱ्यावरच्या सुतारकाकांकडे गेले, खुंटीचं माप दाखवलं, त्यांच्या वहीत माझा नंबर लिहिला, पट्ट्यांना भोकं पाडून घेतली आणि वीस मिनिटांत परत आले. स्वयंपाकघरात चटई अंथरली. एका ताटलीत खुंट्या, शेजारी पट्ट्या. इतकं शिस्तशीर काम बघून ऑपरेशन करणाऱ्यांनीही मान डोलवली असती.

तेवढ्यात दार वाजलं. पाण्याचं मीटर बघणारा माणूस होता. दोन मिनिटं, फार तर अडीच. परत आले तर चिमणी चटईवर बसलेली, तोंड हलतंय, आणि ताटलीत खुंट्या पाच.

तिच्या तोंडात बोट घातलं, तर तिने ते चावलं. आत काही नव्हतं. चटई झटकली. ओट्याखाली झोपून टॉर्च मारला, तिथे मागच्या वर्षी हरवलेलं गाळणं मिळालं. खुंटी नाही.

"चिमणे, तू लाकूड खाल्लंस?"

तिने मान डोलावली. दोनदा.

"आई!" मी ओरडले. सासूबाई मटाराच्या हातांनी धावत आल्या. सगळं ऐकून मात्र शांतपणे स्टुलावर बसल्या.

"हिच्या बापाने बटण गिळलं होतं. दोन दिवसांत आलं. धुतलं आणि त्याच शर्टाला लावलं."

"आई, हे बटण नाहीये. लाकूड आहे. फुगलं तर?"

"पोट म्हणजे काय पाण्याची टाकी आहे?"

मी नवऱ्याला फोन केला. पुढच्या वीस मिनिटांत तो घरी, एका हातात हेल्मेट, एका बाहीचं तोंड सताड उघडं. माणूस घाबरला की असाच अर्धवट कपड्यांत धावतो, मला भरून आलं.

"तिने स्वतः कबूल केलंय," मी म्हणाले.

त्याने चिमणीला समोर उभं केलं. "चिमणे, तू पंखा खाल्लास?"

तिने मान डोलावली.

"फ्रीज खाल्लास?"

तिने मान डोलावून टाळ्याही वाजवल्या.

"बघ," नवरा म्हणाला. पण गाडीची किल्ली तो स्वतःच शोधत होता.

दवाखान्यात जाताना मी तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजत होते. मोजता मोजता माझेच चुकत होते. मनात एकच गोष्ट फिरत होती: तिच्या पोटात काही जाऊ नये म्हणून केलेली वस्तूच मी तिच्या पोटात घातली. मधेच कुठल्यातरी अनोळखी नंबरवरून फोन यायला लागले. एकदा, दोनदा, चारदा. जाहिरातवाल्यांना माणसाची वेळ म्हणून काही कळत नाही. मी फोन कापत राहिले.

डॉक्टरांनी चिमणीला तपासलं. ती त्यांच्या टेबलावरचा पेन ओढत होती.

"गिळताना पाहिलंत?"

"नाही. पण पाच आहेत."

"काय पाच?"

"खुंट्या. सहा हव्यात."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे.

"एक्स-रे काढा ना, डॉक्टर."

"लाकूड एक्स-रेत सहसा दिसत नाही."

हे ऐकून मला वाटलं, मी खिळेच का नाही वापरले.

"श्वास नीट आहे, पाणी पितेय, खेळतेय," ते म्हणाले. "उलट्या झाल्या, पोट दुखलं, श्वासाला त्रास वाटला, तर लगेच या. नाहीतर दोन दिवस पॉटीत लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा! मला! माशाला पोहायला सांगण्यासारखंच होतं ते. घरी येऊन मी वही काढली, तारीख, वेळ, रंग असे रकाने आखले. नवरा म्हणाला, "मी ऑफिसला परत जाऊ का?" मी नुसतं पाहिलं. तो सोफ्यावर बसला.

चार वाजता बेल वाजली. दारात सुतारकाका, घामाघूम.

"ताई, किती फोन केले, उचलत नाही तुम्ही."

"काका, आज घरात फार गडबड आहे."

"एवढंच द्यायचं होतं." त्यांनी मूठ उघडली. तळहातावर माझी सहावी खुंटी. "माप म्हणून ठेवून घेतली होती, मशीनवरच राहिली. मापाला घेतलेली वस्तू मी दुकानात ठेवून घेत नाही. नंतर वाद नको."

मी दाराच्या चौकटीला टेकले. मागे नवरा हसत होता की रडत होता, मी पाहिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "काका, चहा घेऊन जा. आणि तू बस आता, उभी काय राहिलीस."

संध्याकाळी मी सहाही अधिक जोडले. पॅन कपाटात रचले. एकही घासत नव्हता. तेवढ्या उंचीने कपाटाचं दार काही लागेना, पण त्याबद्दल त्या दिवशी कोणी एक अक्षर बोललं नाही.

खरं तर इथे गोष्ट संपायला हवी. खुंट्या सहाच्या सहा, मूल ठणठणीत. पण आखलेले रकाने मोकळे सोडणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, नुसतंच आपलं, मी पॉटीत लक्ष घातलं.

आत पांढरं, गोल, चार भोकांचं काहीतरी होतं.

मला ती सताड उघडी बाही आठवली. नवऱ्याला आठवायला जास्त वेळ लागला. तो मनगटाकडे बघत म्हणाला, "मी समजत होतो, ते ऑफिसात पडलं."

आणि सासूबाईंनी सुई-दोरा काढून हात पुढे केला.

"धुऊन दे. लावून टाकते."