गायधनींचे दुपारचे धुणे

आमच्या सोसायटीतले गायधनी ऊन चाखतात. रोज दुपारी ते गच्चीवर जातात, सौर पॅनेलांसमोर तोंड वर करून उभे राहतात, जीभ टाळूला लावतात आणि जिन्यातून जाहीर करतात, "आज गोडी चांगली हाय. मशीन लावा, वहिनी." आभाळ आले की, "आज पाणचट हाय. धुणं उद्यावर टाका." सारी हयात द्राक्षांच्या शीतगृहात माल पारखण्यात गेली; त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू ते साखरेवर मोजतात.

गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत सामाईक सौर संच बसला तो त्यांच्याच हट्टाने. तयार होणाऱ्या विजेत प्रत्येक सदनिकेचा वाटा सारखा. न वापरलेली वीज वितरण कंपनीकडे जमा होऊन बिलातून वजा होते, तेव्हा दुपारचा हा आरडाओरडा अनावश्यक आहे, असे मी त्यांना लेखी कळवले होते. त्यावर ते म्हणाले, "जमा होती, खरंय. पण आपल्या वेलाचे घड शेजाऱ्याकडं ठेवायचे आन् मग मागाय जायचं, बरं दिसतं का, वकीलसाहेब?" मी वकील नव्हे, न्यायालयाच्या कचेरीत अधीक्षक होतो. ही दुरुस्तीही मी लेखीच कळवली होती.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या ध्यानात आले की, एकट्या राहणाऱ्या या गृहस्थाचे धुलाईयंत्र रोज दुपारी चालते. एका माणसाचे इतके कपडे येतात कुठून? बाहेरचे धुणे पैसे घेऊन धुणे म्हणजे सामाईक विजेचा व्यापारी वापर. मी सचिव पगारे यांना अर्ज दिला: प्रत्यक्ष पाहणी करावी आणि दोष आढळल्यास गायधनींचा वाटा गोठवून गच्चीची किल्ली काढून घ्यावी.

"नाना, जाऊ द्या ना," पगारे म्हणाले. "पॅनेल तेच पुसतात. किल्ली गेली तर तो माणूस दिवसभर करील काय?"

मी त्यांना उपविधी दाखवले.

पाहणीच्या वेळी मी अर्जदार या नात्याने हजर राहिलो. बाल्कनीतल्या दोरीवर एकच मोठी चादर वाळत होती. जांभळी फुले, एका कोपऱ्याला निळे ठिगळ. ते ठिगळ माझ्या पत्नीने लावलेले होते.

माझी शस्त्रक्रिया झाल्यापासून रात्री माझे अंथरूण ओले होते. पहाटे, सून उठायच्या आत, पत्नी चादर काढून नेते आणि संध्याकाळी ती स्वच्छ, कोरडी होऊन पलंगावर असते. घरातले यंत्र तर चाललेले ऐकू येत नाही. मग हे कसे घडते, असे मी तिला कधी विचारले नव्हते.

"कुणाचं धुणं हे, काका?" पगारेंनी विचारले.

गायधनींनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "बाहेरचं हाय. घेतो मी मधूनमधून. चुकलं. किल्ली खुंटीला हाय, घेऊन जा."

पगारेंनी खुंटीवरून किल्ली काढली. साक्षीदारांना शपथ घेताना ऐकण्यात माझी उमर गेली होती.

"चादर आमची आहे," अखेर मी म्हणालो. "अर्ज मागे घेतो."

पगारेंनी एकदा माझ्याकडे, एकदा चादरीकडे पाहिले. किल्ली जिथल्या तिथे अडकवली आणि काही न विचारता ते निघून गेले. मीही दाराकडे वळलो.

गायधनींनी चादर दोरीवरून ओढली. "वहिनींना बोलू नका. तुम्हाला कळणार नाय असा शब्द दिलाय मी त्यांना. आता आलाच आहात तर टोकं धरा. एकट्याला एवढी चादर आवरत नाय, रोज एक बाजू दाराच्या फटीत अडकवावी लागती."

मी टोके धरली. कडेला कड मिळवत आम्ही एकमेकांपर्यंत आलो. घडी मला तरी नीट दिसत होती. त्यांनी ती उलगडली आणि म्हणाले, "परत एकदा धरा."