साळूअक्काची तालीम

एका जंगलात बारकू नावाच्या साळिंदरानं एक प्रश्न विचारला होता. आपले काटे आपल्यालाच का टोचतात?

कासवआजोबा म्हणाले, "कुंपणच शेत खातं, बाळा." पण ते का खातं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मुलांनो, साळिंदराचे काटे असतात वाघासाठी. पण बारकूच्या थोरल्या बहिणीचे, साळूअक्काचे काटे वाघाला विसरले. ते आत वळले आणि अक्कालाच टोचू लागले. सांधे सुजले. सकाळी पंजा उघडेना.

जंगलात मोठे डॉक्टर एकच, बगळे. पांढराशुभ्र कोट. उभे एका पायावर, कारण दुसरा पाय कायम पुढच्या पेशंटकडे निघालेला. त्यांच्या भेटीची तारीख मिळाली आंब्याच्या मोहरातली.

बारकू तयारीला लागला.

"समज, मी डॉक्टर. काय साळूबाई, कशा आहात?"

"बरी आहे."

"अक्का! बरी आहेस तर तिथं काय मासे खायला जायचंय?"

"अरे, कुणी विचारलं की असंच म्हणायचं असतं. आईनं शिकवलंय."

"आईला कुठं काटे टोचत होते?"

"तिनं सांगितलं का कधी?"

बारकू म्हणाला, "म्हण, बरी नाही."

"बरी... ना... अगं बाई, तोंड अवघडलं माझं!" अक्का हसत सुटली.

तारखेच्या दिवशी अक्का नटली. काट्यांना तेल, गालांना हळद. "डॉक्टरकडे काय अशा अवतारात जायचं?"

बगळ्यांनी विचारलं, "कशा आहात?"

"बरी आहे. आपण?"

"उत्तम. चला, पुढचे!"

"अहो, खोटं बोलतेय ती!" बारकू ओरडला. "रात्रभर कण्हते!"

"पेशंट कोण? तू?"

अक्कानं त्याला हळूच एक काटा टोचला. "मोठ्यांशी असं बोलतात होय? चल."

पुढची तारीख मिळाली पुढच्या मोहरातली.

मोहर आला. अक्का नव्हती.

तरी बारकू गेला. रांगेत उभा राहिला. "साळूबाई!" अशी हाक आली तेव्हा पुढे झाला.

बगळ्यांनी मान वर न करताच विचारलं, "कशा आहात?"

बारकू म्हणाला, "बरी नाही."

तात्पर्य : मुलांनो, कुणीही विचारलं तरी 'बरी आहे' असंच म्हणावं. रांग भराभर सरकते.