चिमूटभर राखेचा निवाडा

एका जंगलात मंजुळा नावाची म्हैस राहत होती. तिला एक रेडकू होतं. त्याला कुणी वाकडं बोललं, तर मुलांनो, ती सिंहावरसुद्धा शिंगं रोखायची.

त्या जंगलात दूध देणाऱ्यांनी कोल्हेशेठच्याच दुकानातली पेंड खायची, असा सिंहमहाराजांचा हुकूम होता. दुकानामागे शेठची जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी होती. भट्टीची राख टाकायची कुठे? शेठ हुशार. तो ती पेंडीत मिसळायचा. वजन वाढायचं आणि अंगणही स्वच्छ राहायचं.

पेंड तपासायची तिथली रीत जुनी होती. दरबारी माकडानं पोत्यातली चिमूटभर पेंड जिभेवर ठेवायची. माकड मेलं नाही, तर पेंड उत्तम. माकड आजवर एकदाही मेलं नव्हतं.

मंजुळा मात्र रोज टोपलीभर खायची. पुढे तिच्या रेडकाचे पाय लटपटू लागले. उठायला जावं आणि फतकल मारावी. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, पेंडीत भट्टीची राख आहे. ती माझ्या अंगात मुरते आणि दुधातून लेकराच्या पोटात जाते."

"किती घालता हो, शेठ?" सिंहानं विचारलं.

"चिमूटभर, महाराज. चिमटीनं कुणाचं काय बिघडलंय? माकडाला विचारा."

माकडानं मान डोलावली.

"मग म्हशीच्या अंगात एवढी आली कुठून?"

"तिनं साठवली. आम्ही रोज चिमूट देतो, ही बाई साठा करते. साठेबाजी आहे ही, महाराज."

"अहो, ती अंगातून जातच नाही, त्याला मी काय करू?" मंजुळा म्हणाली.

"बघा, कबूलही करतेय."

निवाडा झाला. साठेबाजाचा माल जप्त. मंजुळेचं सगळं दूध राजाच्या मुदपाकखान्यात जमा व्हायचं, रेडकाला थेंबही नाही. बिचारी रडत घरी आली. दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तिनं लेकराला टेकडीपलीकडचं गवत चारलं. भट्टीचा धूर तिथे पोचत नसे.

हळूहळू रेडकू उभं राहिलं. मग उड्या मारू लागलं. मंजुळेला आधी खरंच वाटेना, मग तिनं त्याला इतकं चाटलं की ते वैतागलं.

इकडे महाराज जप्तीच्या दूध-तुपावर ताव मारत होते. एके दिवशी डरकाळी फोडायला उठले आणि मटकन खाली बसले. पाय लटपटत होते.

"त्या कोल्ह्याला धरून आणा."

शेठ आला. अदबीनं वाकला. हळूच म्हणाला, "शिक्षा जरूर करा, महाराज. फक्त एवढं सांगा, हल्ली साठा कुणाकडे आहे?"

सिंहानं शेठला सोडून द्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जंगलात दवंडी पिटली गेली. यापुढे महाराज बसूनच डरकाळी फोडतील. उभ्यानं डरकाळी फोडणं असभ्यपणाचं आहे.

तात्पर्य: बाळांनो, विष घालायचंच झालं तर चिमटीनं घालावं. चोर तोच ठरतो, ज्याच्या अंगात ते सापडतं.