तात्यांची डबल बेल

आमच्या टॉवरची लिफ्ट बटण दाबून सुरू होत नाही. तात्या परबांनी नाण्याने पत्र्यावर ठोके दिले की होते. निदान तात्यांची तशी समजूत आहे. दार मिटताना ते पाय घालून अडवतात, मान बाहेर काढून ओरडतात, "कोण रवला काय?" मग दोन ठोके. मग आम्ही वर.

तात्या जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. नायगावच्या चाळीत आमची खोली त्यांच्या शेजारी. चाळ पडली, तिथे टॉवर झाला, चाळीतल्या सवयी बहुतेकांनी खालीच सोडल्या. तात्या सगळ्या घेऊन वर आले. एकटेच. काकी चाळीत असतानाच गेल्या आणि मुलगा संदेश नॉर्वेत. मजल्याची कमिटी माझ्याकडे असल्यामुळे तात्यांबद्दलच्या तक्रारीही माझ्याकडे. पहिली तक्रार चपलांची. राहतो एक माणूस, दाराबाहेर कायम चार जोड.

हे जोड नॉर्वे बघून आलेले आहेत. दोन उन्हाळ्यांपूर्वी संदेशने वडिलांना बोलावून घेतलं. झोपायच्या फळ्या, शेगडी, मोरी सगळं आतच असलेली एक व्हॅन भाड्याने घेतली आणि बायको, छोटा नील नि तात्या यांना घेऊन पार उत्तरेला निघाला. तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही.

"उजेडाचो पण कंटाळो येता गो," तात्या सांगतात. "शेवटची गाडी कधी सुटता, ताच कळाक नाय."

व्हॅनमध्ये बाकीच्यांची घुसमट झाली, तात्या मात्र मजेत. चाळीतल्या त्यांच्या खोलीत नऊ माणसं झोपायची. एकाने कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. इथे माणशी एक फळी! सून वैतागून म्हणाली, "बाबा, हलायलाही जागा नाही." तात्या म्हणाले, "पुढे सरका, पुढे जागा आहे." हसला फक्त नील.

पहिल्याच दिवशी तात्यांनी नियम केला: चपला दाराबाहेर. चाळीत हे बरोबरच होतं. चाळ कुठे जात नव्हती. एका सकाळी समुद्रकाठच्या मुक्कामाच्या तळावरून निघताना त्यांनी आतली डोकी मोजली, व्हॅनच्या पत्र्यावर दोन ठोके दिले आणि गाडी सुटली. दुपारी जेवायला थांबले, तेव्हा चौघंही अनवाणी.

"बाबा, ही तुमची चाळ नाही," संदेश म्हणाला. "आणि ही गाडी ठोक्यांवर चालत नाही. मी चालवतो."

पुढच्या गावात सगळ्यांना नवे बूट घेतले. तात्यांनी त्यानंतर ठोके दिले नाहीत. द्या, असं कुणी म्हटलंही नाही.

परतताना गाडी त्याच तळावर थांबली. कुणा भल्या माणसाने चारही जोड कुंपणाच्या फळीवर ओळीने मांडून ठेवले होते. संदेश म्हणाला, "राहू द्या, आता नवे आहेत." तात्यांनी चारही पिशवीत भरले आणि थेट नायगावला आणले. "बेल मी दिलेली," ते मला म्हणाले. "पॅसेंजर मागे टाकून डेपोत कसो जाव?"

मार्चमध्ये मी त्यांना कमिटीची नोटीस दिली. ते म्हणाले, "मे महिन्यात संदेश येता सगळ्यांक घेऊन. तेव्हा चपला बाहेर असतीलच ना? तोपर्यंत ह्यो ऱ्हवांदे."

मे संपत आला. काल मी पुन्हा गेले. संदेशचा फोन येऊन गेला होता. इकडे येणं रद्द. यंदा परत व्हॅन, परत उत्तर, बरोबर त्याचे सासू-सासरे.

"तुम्हाला नाही बोलावलं?"

"पाच जणांची गाडी हा." तात्यांनी कंडक्टरच्या आवाजात सांगितलं, "फुल झाली."

"मग आता तरी या चपला आत घ्या, तात्या."

ते बाहेर आले. लादी पुसणाऱ्या बाईने जोड उचलून परत ठेवताना त्यांची तोंडं लिफ्टकडे केली होती. तात्या गुडघा धरून खाली बसले. एकेक जोड फिरवून त्यांनी पुढची टोकं आपल्या दाराकडे केली. नीलच्या सँडल शेवटी. आता त्या त्याच्या अर्ध्या पायातही जाणार नाहीत.

"अशे ठेवूचे गो, सुमन," ते म्हणाले. "आत्ताच आत इल्यासारखे. तशे ठेवले की निघाल्यासारखे दिसतत."

तक्रार माझ्याकडे प्रलंबित आहे.